आकडा छापा, पण तो कोणी आणि किती वाजता सांगितला तेही छापा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मी भुसावळचा. रेल्वेत स्टेशन मास्तर होतो, आता निवृत्त आहे. सकाळी चहाबरोबर आपला अंक वाचतो आणि मग दिवसभर, नको म्हटलं तरी, आपल्याच दैनिकाच्या ‘ताज्या घडामोडी’ मोबाइलवर येऊन पडत राहतात. सकाळच्या अंकाबद्दल माझी फारशी तक्रार नाही. हे पत्र दिवसभराच्या मालाबद्दल आहे.

गेल्या महिन्यात इथे यार्डाच्या कडेला रेल्वेने मॉक ड्रिल केली. एक जुना डबा आडवा पाडला होता, दुसरा त्याच्यावर चढवला होता. एनडीआरएफचे जवान कटरने पत्रा कापत होते आणि स्काउटची पोरं कपाळाला लाल रंग फासून स्ट्रेचरवर निजली होती. भोंगा वाजला, मेडिकल व्हॅन निघाली, साहेब लोक हातात घड्याळ धरून उभे. अशी कवायत प्रत्येक विभागात अधूनमधून होते. प्रत्यक्ष वेळ आली तर किती मिनिटांत माणूस बाहेर निघतो हे त्यातून कळतं. कोणीतरी पुलावरून त्याचं चित्रण केलं. पाऊण तासाच्या आत आमच्या कॉलनीतल्या प्रत्येक ग्रुपवर एका पोर्टलची बातमी येऊन थडकली: ‘भुसावळजवळ भीषण रेल्वे अपघात, अनेक प्रवासी जखमी’. खाली तोच व्हिडिओ, वर लाल पट्टी, मागे ढोलताशासारखं काहीतरी संगीत.

आमच्या शेजारच्या वहिनींचा मुलगा लोको पायलट आहे, त्या दिवशी खंडव्याच्या बाजूला गाडी घेऊन गेला होता. ड्युटीवर ड्रायव्हरने मोबाइल बंद ठेवायचा, असा नियमच आहे. त्यामुळे आईने फोन लावला की ‘बंद आहे’ हेच ऐकू यायचं, आणि बाई तेवढ्यानेच अर्ध्या झाल्या. पदराने तोंड पुसत दारात आल्या, “नाना, तठे काय व्हयनं?” मी लॉबीत, म्हणजे ड्रायव्हर-गार्ड ड्युटीची हजेरी लावतात त्या कचेरीत, फोन लावला. पलीकडचा पोरगा हसला, म्हणाला, “ड्रिल आहे नाना, दुपारी बिस्किटं वाटणार आहेत.” एवढंच काम होतं. एक फोन. लॉबीचा नको, तर स्टेशनचा, नाहीतर लोहमार्ग पोलिसांचा. तेही नको असेल तर पुलावरून खाली उतरून स्ट्रेचरवरच्या पोराला ‘काय रे, लागलं का?’ असं विचारायचं, तर तोच सांगता.

बाकीच्यांचं जाऊ द्या. आपल्या ई-आवृत्तीनेही ती बातमी घेतली, पुढे ‘प्राथमिक माहितीनुसार’ एवढं जोडून. तासाभराने ती काढून टाकली, तीही गुपचूप. दुसऱ्या दिवशीच्या अंकात पान पाचवर ‘मॉक ड्रिल यशस्वी’ म्हणून अधिकाऱ्यांच्या फोटोसह दोन कॉलम छान छापून आले. आदल्या दिवशी आपणच जखमी केलेले ‘अनेक प्रवासी’ रात्रीत कुठे बरे झाले, याबद्दल त्यात एक ओळही नव्हती.

त्या पोर्टलचा मुलगा माझ्या ओळखीचा आहे. भाजी बाजारात भेटला तेव्हा मी विचारलं, टाकण्याआधी कोणाला विचारलंस का? त्याने जे सांगितलं त्यात लपवाछपवी नव्हती: “नाना, विचारत बसलो तर दुसरा टाकतो.” त्याचं खोटं आहे असं मी म्हणणार नाही. आपल्या तालुका वार्ताहरांचं तरी काय वेगळं आहे? मानधन किती मिळतं ते आपण जाणताच. वर्धापनदिनाच्या पुरवणीच्या जाहिराती त्यांनीच आणायच्या, आणि आपल्या जळगावच्या कार्यालयातून फोन येतो तो ‘खरं आहे का?’ असा नसतो, ‘त्यांनी दिली, आपली कुठे आहे?’ असा असतो. म्हणून माझा रोख त्या पोरांवर नाही, टेबलावर बसणाऱ्यांवर आहे.

आमच्याकडे एक पद्धत आहे, ती सांगतो. तोंडी निरोपावर रेल्वे चालत नाही अशी लोकांची समजूत असते. चालते. फाटक बंद झालं का, हे कित्येक ठिकाणी मास्तर फोनवरच विचारत आला आहे. पण फाटकवाला नुसतं ‘हो साहेब, बंद केलं’ म्हणाला म्हणून सिग्नल द्यायचा नसतो. त्याच्याजवळ दोन आकडी नंबरांचा छापील कागद असतो. त्या नंबरांना आम्ही प्रायव्हेट नंबर म्हणतो. फाटक लावायचं, मग त्या कागदावरचा नंबर फोनवर सांगायचा आणि सांगितलेला खोडायचा. इकडे मास्तरने तो नंबर, गाडीचा क्रमांक आणि वेळ वहीत लिहायची. मग सिग्नल. रात्री तीन वाजता, धो धो पावसात, पलीकडचा माणूस कितीही घरोब्याचा असला तरी हेच. पुढे काही विपरीत घडलं तर चौकशीत पहिला प्रश्न येतो, नंबर कोणी दिला आणि किती वाजता? ‘मला वाटलं’ किंवा ‘सगळेच म्हणत होते’ ही उत्तरं तिथे कोणी लिहूनही घेत नाही.

आपल्या उपसंपादकांनी वार्ताहराकडे प्रायव्हेट नंबर मागावा असं मी सुचवत नाही. पण सांगणाऱ्याचं पद आणि सांगितल्याची वेळ, एवढं तरी मागता येईल की नाही? आणि मागितलं, मिळालं, तर ते वाचकापर्यंत येऊ द्यावं. आज ते मधेच कुठेतरी गळून पडतं आणि आमच्या हाती ‘सूत्रांनी सांगितले’ एवढंच उरतं.

यात किती फरक पडतो, ते आमच्याच विभागात घडलेल्या गोष्टीवरून सांगतो. २२ जानेवारी २०२५, बुधवार. लखनौहून मुंबईला निघालेली पुष्पक एक्स्प्रेस जळगाव सोडून, शिरसोली, म्हसावद, माहेजी मागे टाकून परधाड्याकडे येत होती. संध्याकाळी पाचच्या सुमारास डब्यात आग लागल्याची आवई उठली. साखळी ओढली गेली, गाडी थांबली, माणसं खाली उड्या टाकून शेजारच्या रुळांवर उतरली. त्याच रुळांवरून बंगळुरूहून दिल्लीला जाणारी कर्नाटक एक्स्प्रेस आली. तिथे वळण आहे, आणि वेगात असलेली गाडी ब्रेक मारल्यावरही किलोमीटरभर जाऊन थांबते. किमान बारा जण गेले. त्यात पोट भरायला मुंबईला निघालेले नेपाळचे लोकही होते.

गाडीला आग लागलेली नव्हती. आगीची खबर होती, ती या दारातून त्या दारात गेली, आणि ‘तू स्वतः पाहिलीस का?’ हे कोणी कोणाला विचारलं नाही. चालत्या गाडीतल्या, जनरल डब्यात उभ्याने प्रवास करणाऱ्या माणसाला मी त्याबद्दल दोष देणार नाही. त्याच्याकडे विचारायला वेळ नव्हता. वाहिन्यांकडे होता.

त्या संध्याकाळी मी टीव्हीसमोरून उठलो नाही. रेल्वेतल्या एका अधिकाऱ्याची प्राथमिक माहिती म्हणून आलं की हॉट एक्सल (तापलेला आस) किंवा ब्रेक बाइंडिंगमुळे ठिणग्या उडाल्या असाव्यात आणि प्रवासी घाबरले. मग रेल्वे बोर्डाकडून सांगण्यात आलं की डब्यात ठिणगी किंवा आग काहीही नव्हतं. दुसऱ्या दिवशी तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार म्हणाले की एका चहावाल्याने आग लागल्याची हाकाटी केली आणि तिथून पळापळ सुरू झाली. तीन विधानं, तीन वेगवेगळी तोंडं, तीन वेगवेगळ्या वेळा. ही तिन्ही अशी एकाखाली एक मांडली असती, तर माझ्यासारख्या वाचकाने त्यांचं वजन स्वतःच केलं असतं. दिसत काय होतं? एका पट्टीवर ठिणग्या, दुसऱ्या पट्टीवर आग, तिसरीवर अफवा, आणि निवेदिका सगळं एकाच दमात ‘समजत आहे’ म्हणत सांगत होती. कोणाला समजलं, कोणाकडून समजलं, काही पत्ता नाही.

ब्रेक बाइंडिंग म्हणजे काय, हे सांगायला एखाद्या कॅरेज-वॅगनवाल्याला, म्हणजे डब्यांची देखभाल करणाऱ्याला, दोन मिनिटं पुरली असती. ब्रेक लागतात पण नीट सुटत नाहीत, चाक घासत राहतं, तापतं, जळका वास येतो, कधी धूर, कधी ठिणग्या. गाडी थांबवून ते ब्रेक सोडवले की पुढे निघता येतं. डबा पेटण्याशी त्याचा बहुतेक वेळा काही संबंध नसतो. भुसावळात असा माणूस चहाच्या प्रत्येक टपरीवर सापडेल. त्या रात्री मुंबईच्या स्टुडिओत मात्र चौघं बसले होते आणि चौघांनाही डब्याला दारं कुठे असतात हे ठाऊक नसावं असं त्यांच्या बोलण्यावरून वाटत होतं.

मृतांच्या आकड्याबद्दल मात्र मी आपल्या बाजूने बोलेन. आकडा बदलला म्हणून पत्रकारांना झोडणाऱ्यांतला मी नाही. अशा वेळी माणसं रुळाच्या दोन्ही बाजूंना विखुरलेली असतात, काही पाचोऱ्याला नेतात, काही जळगावच्या शासकीय रुग्णालयात, आणि पाचोऱ्याला नोंद झालेला जखमी पुढे जळगावला हलवला की दोन्हीकडे मोजला जातो. पहिला आकडा अर्धवट असणारच. आमच्याकडे अपघाताचा पहिला संदेश जातो त्यातही ठिकाण, किलोमीटर, गाडी, वेळ एवढं पक्कं असतं आणि जखमींबाबत ‘माहिती घेत आहोत’ असं लिहायला कोणाला लाज वाटत नाही. माझा आक्षेप बेवारशी आकड्याला आहे. ‘पाचोरा ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टरांनी सायंकाळी सहा वाजता सांगितल्यानुसार इतके’ असं लिहिलं, की रात्री नऊला दुसरा आकडा आला तरी पहिला खोटा ठरत नाही. नुसता आकडा असला की तो दर दहा मिनिटांनी लिलावासारखा चढत जातो, आणि नातेवाइकाच्या जिवाला घोर लागतो.

आणखी एक. अशा अपघाताची खरी चौकशी रेल्वे सुरक्षा आयुक्त करतात. हे आयुक्त रेल्वेच्या हाताखालचे नव्हेत; त्यांचा कारभार नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे असतो, तो मुद्दामच, म्हणजे रेल्वेची चौकशी रेल्वेनेच केली असं होऊ नये. त्यांच्यापुढे साक्षी होतात, नोंदी तपासल्या जातात. पहिल्या रात्री ज्यांनी आग लावली, विझवली आणि पुन्हा लावली, त्यातल्या किती जणांनी पुढे त्या चौकशीचा पाठपुरावा केला? माझ्या पाहण्यात तरी कोणी नाही. तोवर दुसरं काहीतरी ‘ब्रेकिंग’ असतं.

कोणी म्हणेल, नाना, एवढं काय, दुरुस्ती होते की दोन तासांत. दोन तासांत काय होतं ते साक्री तालुक्याला विचारा. १ जुलै २०१८, रविवार, राईनपाड्याचा बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, भिक्षा मागून पोट भरणारे. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, ही आवई त्याआधी कित्येक दिवस मोबाइलवरून गावोगाव गेली होती. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. पाचही गेले. धुळ्याच्या न्यायालयाने २०२४ मध्ये सात जणांना जन्मठेप दिली. म्हणजे ज्यांनी आवईवर विश्वास ठेवला ते तुरुंगात आहेत; ज्यांनी ती पहिल्यांदा लिहिली त्यांची नावं कोणालाच माहीत नाहीत. त्या वर्षी देशभर फिरलेला मोटारसायकलवरून मूल उचलण्याचा एक व्हिडिओ तर कराचीतल्या जनजागृतीच्या चित्रफितीचा होता, शेवटचा संदेशाचा भाग कापून पाठवलेला. त्याच जुलै महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. कंपनीला जेवढं जमलं तेवढं तिने केलं. पण ‘परिसरात टोळी सक्रिय’ अशी बातमी जेव्हा एखाद्या वर्तमानपत्राच्या नावाने येते, तेव्हा तिला पाचाची मर्यादा नसते. राईनपाड्यानंतरही आपल्या भागात अशा बातम्या मी वाचल्या आहेत, आणि त्यांत पोलीस ठाण्याचं नावसुद्धा नव्हतं.

हे फक्त तालुक्याच्या पोर्टलांचं दुखणं नाही हेही कबूल. मे २०२५ मध्ये, भारत-पाकिस्तान संघर्षाच्या त्या रात्री, मोठमोठ्या वाहिन्यांनी कराचीचं बंदर उद्ध्वस्त केलं. सकाळी बंदर जागेवर होतं. ११ नोव्हेंबर २०२५ ला धर्मेंद्र यांना याच लोकांनी श्रद्धांजली वाहिली आणि घरच्यांना ‘ते आहेत’ असं जाहीर सांगावं लागलं. ते गेले २४ नोव्हेंबरला. आमच्या ग्रुपवर त्यांना दोनदा फुलं वाहण्यात आली. दिल्ली-मुंबईवाल्यांना मी कुठे पत्र लिहू? आपण जळगावचे, आपल्याला लिहितो.

आता पावसाळ्याचं सांगतो, कारण ते दरवर्षीचं आहे. इकडे यावल-रावेरला थेंब नसतो आणि तिकडे बऱ्हाणपूर, अकोल्याकडे झालेल्या पावसाने तापी-पूर्णा फुगतात, हतनूरचे दरवाजे उघडतात. धरणाला दरवाजे ४१ आहेत. ‘हतनूरचे ४१ दरवाजे उघडले!’ ही बातमी उद्गारचिन्हासकट दर पावसाळ्यात ठरलेली. पण दरवाजे अर्ध्या मीटरने उघडले की एक मीटरने की पूर्ण, यावर सगळं अवलंबून आहे. ते न सांगता दरवाज्यांची गणती सांगून उपयोग काय? त्यातून क्युसेक (सेकंदाला एक घनफूट पाणी) आणि क्युमेक (सेकंदाला एक घनमीटर) यांचा घोळ. एक क्युमेक म्हणजे सुमारे ३५ क्युसेक. एक लाख क्युसेक म्हणजे २,८३२ क्युमेक. एकाच दिवशी एका ठिकाणी क्युसेकचा आकडा क्युमेक म्हणून छापलेला मी पाहिला आहे. तेवढं पाणी खरोखर आलं असतं तर ही बातमी वाचायला भुसावळात कोणी उरलं नसतं. खाली सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा इथल्या नदीकाठच्या लोकांनी त्या आकड्यावरून नदीवरच्या पाण्याच्या मोटारी काढायच्या की नाही, गुरं हलवायची की नाही, ते ठरवायचं असतं. एकदा खोटा धाक दाखवला की पुढच्या खेपेला खरा इशारा आला तरी माणूस खाटेवरून उठत नाही. पाटबंधारे विभाग विसर्गाचा आकडा वेळेसकट कळवतो. आपल्याकडे येईपर्यंत त्यातली वेळ गळते आणि जुना व्हिडिओ चिकटतो.

नवापूरचंही आठवतं. फेब्रुवारी २००६, देशातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक तिथल्या पोल्ट्र्यांत निघाला. तो खरा होता, लाखो पक्षी मारावे लागले. पण कोंबड्यांबरोबर माणसांनाही लागण झाल्याच्या बातम्या सुटल्या आणि तपासणीत तसं काही निघालं नाही. खऱ्या बातमीच्या शेपटाला खोटी बांधली की ती फार लांब जाते.

प्रेस कौन्सिलने पत्रकारितेच्या आचारसंहितेत छापण्याआधी पडताळणी आणि चुकीची ठळक दुरुस्ती, दोन्ही कधीचंच लिहून ठेवलं आहे. १९७८ च्या कायद्याने कौन्सिलला ताशेरे ओढता येतात, त्यापलीकडे फार काही करता येत नाही, आणि टीव्ही तर त्यांच्या कक्षेतच नाही. म्हणून कायदा दाखवून आपल्याला घाबरवण्यात अर्थ नाही. मी मागतो ते आपल्या कार्यालयात उद्यापासून करता येण्यासारखं आहे. मोबाइलवर येणाऱ्या प्रत्येक ताज्या बातमीत माहिती कोणत्या पदावरच्या माणसाने दिली आणि किती वाजता, हे पहिल्या दोन वाक्यांतच असावं. त्याने नाव छापू नका म्हटलं तर नाव नको, पद पुरे. पण ते पद कोणाचं, हे आपल्या टेबलावर कोणालातरी ठाऊक असावं. विचारून उत्तर मिळालं नसेल तर ‘रेल्वेला विचारले, उत्तर आलेले नाही’ असं सरळ लिहावं; आम्हा वाचकांना ते चालतं. व्हिडिओ कोणी काढला आणि आज काढला का, हे कळल्याशिवाय लावू नये. आणि चुकलेली बातमी पुसून टाकू नये. ती तिथेच ठेवावी, वर दुरुस्ती आणि दुरुस्तीची वेळ लिहावी. आमच्या वहीत चुकीची नोंद झाली तर खोडरबर चालत नसे. आडवी रेघ मारायची, खाली बरोबर नोंद, शेजारी सही.

यात पाच-दहा मिनिटं जातील आणि दुसरा कोणीतरी आधी टाकेल. टाकू द्या. शेजारच्या वहिनी आता असं काही आलं की मोबाइल घेऊन माझ्याकडे येतात, म्हणजे ती बातमी त्यांच्या दृष्टीने अजून बातमीच झालेली नसते. मी लॉबीत फोन लावतो तेव्हा होते. हे काम खरं तर आपलं आहे, आणि लॉबीतल्या पोरांनाही माझ्या फोनांचा कंटाळा आला आहे.

मॉक ड्रिलच्या बातमीची दुरुस्ती अजून आलेली नाही. ती छापणार असाल तर पान पाचवर, त्या फोटोच्या जागी छापावी. या पत्रातली एखादी तारीख किंवा आकडा तपासून पाहावासा वाटला तर जरूर पाहावा; माझा दूरध्वनी पाकिटात वेगळ्या चिठ्ठीवर दिला आहे, तो छापू नये. दुपारी दोन ते चार मी झोपतो, त्याच्या आधी-नंतर कधीही फोन करा.

आपला वाचक,
एक निवृत्त स्टेशन मास्तर, भुसावळ